बघण्यासाठीच बांधलेला राजवाडा

व्हर्साय हे नाव आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर पहिल्यांदा पडतं ते शाळेत, आणि तेही एकटं नाही, 'व्हर्सायचा तह' असं. पहिलं महायुद्ध संपलं, जर्मनीवर जाचक अटी लादल्या गेल्या, दुसऱ्या महायुद्धाची बीजं त्यातच होती. टिपा लिहा, गुण चार. हा तह एका राजवाड्यातल्या आरशांच्या दालनात झाला, हे लक्षात राहिलं तर राहिलं. पुढे कधीतरी युरोपची सहल ठरते, कार्यक्रमपत्रिकेत 'व्हर्साय, अर्धा दिवस' अशी ओळ दिसते आणि माणूस बसमधून उतरून सोनेरी फाटकासमोरच्या रांगेला लागतो. परत आल्यावर राजवाडा कसा होता म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: भव्य आहे हो, पण गर्दी फार.

तक्रार खोटी नाही. वर्षाला 80 लाखांच्या आसपास लोक तिथे जातात. पण हा राजवाडा भरात असताना रिकामा कधी नव्हताच आणि तो रिकामा असावा, असं बांधणाऱ्याच्या मनातही नव्हतं. किल्ला बांधतात तो माणसं बाहेर ठेवायला. व्हर्साय बांधला तो माणसं आत घ्यायला, फिरवायला, दिपवायला. बघणारा माणूस त्याच्या आराखड्यात पहिल्यापासून धरलेला आहे. हे ध्यानात ठेवून फिरलं, की आरसे, कारंजी, पलंगापुढचा कठडा, अशा एरवी नुसत्या श्रीमंतीच्या वाटणाऱ्या गोष्टी बोलायला लागतात.

पॅरिसच्या नैर्ऋत्येला साधारण 20 किलोमीटरवर, जंगल आणि दलदलीच्या मुलखात तेराव्या लुईने 1623 साली शिकारीसाठी एक लहानसं घर बांधलं. त्याच्या मुलाने, चौदाव्या लुईने, त्याचा राजवाडा केला. जागा गैरसोयीची होती. नदी नाही, मोठं गाव नाही, उंचावरून दिसणारा देखावा नाही. मग इथेच का? एक कारण त्याच्या लहानपणात सापडतं. 1648 ते 1653 या काळात फ्रान्समध्ये 'फ्राँद' नावाची बंडाळी माजली होती. फेब्रुवारी 1651 मधल्या एका रात्री, बालराजाला घेऊन राजमाता पळून चालली आहे अशी आवई उठली आणि पॅरिसचे लोक थेट राजवाड्यात शिरले. राजा आहे की नाही ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते हलेनात. शेवटी त्यांना शय्यागृहात सोडलं. 12 वर्षांचा लुई अंगावरच्या कपड्यांनिशी पांघरुणात शिरून झोपेचं सोंग घेऊन पडला होता आणि लोक एकामागून एक पलंगापाशी येऊन त्याच्याकडे बघून जात होते. त्याचं पॅरिसशी पुढे कधी जमलं नाही. आणि आपल्याला कुणी, कधी, कुठून बघायचं हे त्याने पुढे आयुष्यभर स्वतःच ठरवलं.

दुसरं कारण मत्सराचं. अर्थखात्याचा प्रमुख निकोला फुके याने वो-ल-व्हिकोंत इथे स्वतःसाठी एक देखणं घर बांधलं आणि 17 ऑगस्ट 1661 रोजी राजाला मेजवानीला बोलावलं. कारंजी, आतषबाजी, नाटक, सगळं राजाला लाजवेल असं होतं आणि राजाला ते लागलंही. तीन आठवड्यांच्या आत फुके अटकेत होता. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव दार्तान्याँ, 'थ्री मस्केटिअर्स'मुळे जगाला माहीत झालेला तोच. (अफरातफरीचा आरोप होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता, पण मेजवानीने घाई झाली.) फुकेचे स्थापत्यकार लुई ल व्हो, चित्रकार शार्ल ल ब्रँ आणि उद्यानकार आंद्रे ल नोत्र यांना राजाने आपल्या कामाला लावलं. फुकेच्या बागेतली संत्र्याची झाडंसुद्धा कुंड्यांसकट व्हर्सायला आली. 6 मे 1682 रोजी दरबार आणि सरकार इथे हललं.

आज आपण ज्या फाटकातून आत जातो ते सोन्याने मढवलेलं राजेशाही फाटक जुनं नाही. मूळचं राज्यक्रांतीत नाहीसं झालं. आताचं 2008 साली पुन्हा घडवून बसवलेलं आहे, सुमारे एक लाख सोन्याचे वर्ख लावून. ते ओलांडून सरळ पुढे बघितलं की आतल्या चौकात लाल विटांची, काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या फरसबंदीची एक जुनाट बाजू दिसते. हे बापाचं शिकारीचं घर. ते पाडावं असं स्थापत्यकारांनी सुचवून पाहिलं, पण लुईने ऐकलं नाही. मग ल व्होने जुन्या घराला तिन्ही बाजूंनी नव्या दगडी इमारतीची खोळ घातली. त्यामुळे गावाकडून बघितलं तर वीट दिसते, बागेकडून बघितलं तर पांढरा दगड. बहुतेक लोक इथे तिकिटाच्या गडबडीत असतात आणि ही गंमत सुटते.

तिकिटावरून आठवलं. लुईच्या काळात आत जायला तिकीट नव्हतं, पण नियम होते. नीटनेटके कपडे हवेत, पुरुषाच्या डोक्यावर टोपी आणि कमरेला तलवार हवी. तलवार नसेल तर? फाटकाशीच भाड्याने मिळायची. पॅरिसचा एखादा दुकानदार तलवार लटकवून आत जाई, राजा प्रार्थनेला जाताना त्याला बघे, दालनं हिंडे आणि जाताना तलवार परत करे. भिक्षा मागणाऱ्या साधूंना, देवीचे व्रण ताजे असणाऱ्यांना मज्जाव होता. बाकी बहुतेकांना मोकळीक होती. ही मोकळीक शेवटपर्यंत टिकली. 1787 साली आलेला इंग्रज शेतीतज्ज्ञ आर्थर यंग लिहून गेला आहे, की राजा नुकताच बाहेर पडलेल्या खोल्यांतून फाटक्या कपड्यांतली माणसं खुशाल हिंडत होती.

आतल्या पहिल्या मोठ्या दालनांची नावं ग्रहांची आणि देवांची आहेत: व्हीनस, डायना, मार्स, मर्क्युरी, अपोलो. अपोलो म्हणजे सूर्य, म्हणून सिंहासन त्या दालनात. आठवड्यातून ठरावीक संध्याकाळी ही दालनं दरबाऱ्यांना खुली असत. एकात पत्ते, एकात फराळ, डायनाच्या दालनात बिलियर्ड. राजा बिलियर्ड चांगला खेळायचा म्हणतात. राजाशी खेळणारे लोक काय सांगणार, हा भाग वेगळा.

या रांगेच्या तोंडाशी हर्क्युलिसचं दालन आहे आणि तिथे आपण जरा थांबायला हवं. 10 ऑगस्ट 1788 रोजी सोळाव्या लुईने याच दालनात म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या तीन वकिलांची भेट घेतली. मराठे आणि निजाम यांच्याशी चाललेलं टिपूचं युद्ध आदल्याच वर्षी गजेंद्रगडच्या तहाने थांबलं होतं. इंग्रजांविरुद्ध फ्रान्सची फौज मिळावी ही त्याची इच्छा होती. महंमद दरवेश खान, अकबर अली खान आणि महंमद उस्मान खान समुद्रमार्गे तुलाँ बंदरात उतरले, पॅरिसला आले, तेव्हा त्यांना बघायला रस्तोरस्ती झुंबड उडाली. त्यांचा पोशाख, त्यांचं जेवण, त्यांचं चालणं हा पॅरिसमध्ये त्या उन्हाळ्याचा विषय होता. एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ या नामांकित चित्रकर्तीने दरवेश खानाचं पूर्णाकृती चित्र काढलं. भेटीदाखल सेव्हरची चिनी मातीची भांडी मिळाली. फौज मिळाली नाही. कारण फ्रान्सची तिजोरी रिकामी होती आणि वर्षभरात तिथेच क्रांती उसळायची होती. पुण्याचा अनुभव वेगळा नव्हता. 1777 साली सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील नाना फडणीसांकडे आला, मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला, पण त्याच्या आश्वासनांतून मराठ्यांच्या हाती फारसं काही पडलं नाही.

आता आरशांचं दालन. 73 मीटर लांब, साडेदहा मीटर रुंद, 1678 ते 1684 या काळात जुल आर्दुआँ-माँसार याने बांधलेलं. एका बाजूला बागेकडे उघडणाऱ्या 17 कमानदार खिडक्या, समोरच्या भिंतीवर तशाच 17 कमानी, आणि त्यांत 357 आरसे. पर्यटक इथे मान वर करून झुंबरं बघतात, सेल्फी काढतात आणि ढकलले जातात. ढकलले जाण्याआधी एका कमानीजवळ जाऊन आरसे मोजा. एका कमानीत अखंड आरसा नाही, 21 तुकडे आहेत. एवढा मोठा राजा, मग अखंड आरसा का नाही लावला? कारण तो तेव्हा बनतच नव्हता. काच फुंकून तिची नळी करायची, ती उभी चिरून सपाट करायची आणि घासायची. फुंकणाऱ्याच्या छातीत जेवढा दम, तेवढी काच. मोठ्या ओतीव काचेची रीत या दालनानंतर आली. काचेमागे कथलाचा पत्रा आणि पारा यांचा लेप द्यायचे. पाऱ्याची वाफ कारागिरांच्या अंगात भिनायची. त्यांची बोटं थरथरायची, दात पडायचे. याच पाऱ्यामुळे जुने आरसे आजच्या आरशांसारखे लख्ख नाहीत, किंचित राखाडी झाक मारतात. 2004 ते 2007 मध्ये दालनाची डागडुजी झाली, तेव्हा बहुतेक आरसे जुनेच राखले गेले.

आरशाचा धंदा त्या काळी व्हेनिसच्या हातात होता आणि मुरानो बेटावरच्या कारागिरांना देश सोडायला बंदी होती. लुईचा मंत्री कोलबेर याने पैशाचं आमिष दाखवून काही कारागीर गुपचूप फोडून आणले आणि 1665 साली राजाश्रयाचा आरसे-कारखाना काढला. बांधकामाच्या काचेसाठी आज आपल्याकडेही ठाऊक असलेली सेंट गोबेन कंपनी म्हणजे त्याच कारखान्याचा वारसा. तेव्हा हे दालन नुसती सजावट नव्हती. आरसा आता आम्हीही बनवतो, आणि 357 नग एका भिंतीवर लावू शकतो, अशी ती जाहिरात होती. उघड्यावर मांडलेलं औद्योगिक प्रदर्शनच म्हणा.

छतावर ल ब्रँने लुईने कारभार स्वतःच्या हाती घेतल्यावरची पहिली 18 वर्षं रंगवली. आधी अपोलो किंवा हर्क्युलिस यांच्या रूपात राजा दाखवायचा बेत होता. शेवटी राजा स्वतःच्याच रूपात आला. हॉलंडवरचा विजय, 1672 सालचं ऱ्हाईन ओलांडणं, सगळं वर आहे. 1871 साली फ्रान्सचा पराभव करून आलेल्या प्रशियाने 18 जानेवारीला जर्मन साम्राज्याची घोषणा मुद्दाम याच छताखाली केली. फ्रेंचांनी ते विसरायचं नाही असं ठरवलं होतं. 28 जून 1919 रोजी जर्मनीच्या प्रतिनिधींना त्याच दालनात बोलावून सही घेतली. त्या सह्यांमध्ये हिंदुस्थानच्या वतीने एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्याही आहेत. विल्यम ऑर्पेनने त्या प्रसंगाचं जे चित्र काढलं, त्यात आरशांपुढच्या मंडळींत महाराजांचा फेटा ओळखू येतो.

एक गोष्ट मात्र तिथे दिसत नाही: चांदी. सुरुवातीला या दालनात टेबलं, दिव्यांची झाडं, संत्र्याच्या झाडांच्या कुंड्या भरीव चांदीच्या होत्या. 1689 साली युद्धाचा खर्च भागेना, तेव्हा लुईने त्या वितळवून नाणी पाडली. म्हणजे आरसे लागून पुरती पाच-सहा वर्षं झाली नाहीत तोच दालनातलं निम्मं वैभव टांकसाळीत गेलं होतं.

आरशांच्या दालनाला लागूनच, इमारतीच्या बरोबर मध्यावर, उगवतीकडे तोंड करून राजाचं शय्यागृह आहे. 1701 साली लुई इथे राहायला आला आणि 1 सप्टेंबर 1715 रोजी 72 वर्षांच्या राज्यानंतर इथेच गेला. पलंगापुढे सोनेरी कठडा आहे. कठड्याच्या आत कोण जाईल, बाहेर कोण उभा राहील, हे ठरलेलं असे. सकाळी राजाचं उठणं हा सोहळा होता आणि टप्प्याटप्प्याने शंभराच्या आसपास माणसं आत घेतली जात. सदऱ्याची उजवी बाही कोणी धरायची, डावी कोणी, हे मान ठरलेले. त्यांच्यासाठी भांडणं व्हायची. रात्री झोपताना राजा त्या दिवसापुरता एक माणूस निवडायचा आणि त्याच्या हाती मेणबत्ती द्यायचा. खोलीत उजेड भरपूर असे, मेणबत्तीची गरज काडीची नसे. पण ज्याच्या हाती ती आली त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी सगळा दरबार वेगळ्या नजरेने बघायचा. पिढ्यान्‌पिढ्या बंड करत आलेल्या सरदारांना राजाने मेणबत्तीच्या मागे लावलं. 12 वर्षांच्या पोराला अंथरुणात बघायला आलेला जमाव त्याने असा परतवला. आता त्याला अंथरुणात बघायला मिळणं ही मेहेरबानी होती.

राजाच्या जेवणालाही प्रेक्षक असत. स्वयंपाकघर रस्त्यापलीकडच्या वेगळ्या इमारतीत. तिथून ताटं पहारेकऱ्यांच्या संगतीने मिरवणुकीने यायची आणि वाटेत भेटणारा दरबारी राजाच्या जेवणाला टोपी काढून मुजरा करायचा. एवढ्या सन्मानाने आलेलं अन्न अर्थातच कोमट झालेलं असे.

पंधराव्या लुईला हे सगळं झेपेना. पण प्रथा मोडायचं धाडसही नव्हतं. त्याने वाट काढली ती मजेशीर आहे. आतल्या बाजूला, उबदार अशा छोट्या खोलीत त्याने आपलं खरं शय्यागृह केलं. रात्री पणज्याच्या पलंगावर निजण्याचा सोहळा करायचा, लोक गेले की उठून आपल्या खोलीत जाऊन झोपायचं, आणि सकाळी परत येऊन सगळ्यांदेखत 'उठायचं'. त्याच्या खासगी खोल्यांत पासमाँ याचं खगोलशास्त्रीय घड्याळ आहे. तास-मिनिटांबरोबर तारीख, चंद्राच्या कला आणि ग्रहांची स्थिती ते दाखवतं आणि तारखेची सोय सन 9999 पर्यंत करून ठेवली आहे. या खोल्या नेहमीच्या फेरीत नाहीत. मार्गदर्शकासोबतची वेगळी फेरी आधी नोंदवावी लागते. माझं मत विचाराल तर ते पैसे वसूल होतात.

राणीचं शय्यागृह दुसऱ्या अंगाला. इथे 19 राजपुत्र-राजकन्या जन्मल्या, आणि त्याही लोकांसमोर, कारण मूल बदललं गेलं नाही याला साक्षी हवेत. डिसेंबर 1778 मध्ये सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या पहिल्या बाळंतपणाला खोलीत एवढी माणसं कोंडली, की ती बेशुद्ध पडली आणि बंद करून टाकलेल्या खिडक्या फोडाफोडी करून उघडाव्या लागल्या. पलंगाच्या डाव्या हाताला भिंतीच्या कापडात एक दार लपलेलं आहे. 6 ऑक्टोबर 1789 च्या पहाटे पॅरिसहून पावसात चालत आलेल्या जमावातले लोक पहारेकऱ्यांना मारून या खोल्यांपर्यंत पोचले, तेव्हा राणी त्याच दारातून राजाच्या खोल्यांकडे पळाली. दुपारी राजघराणं पॅरिसला निघालं. ते परत आलं नाही. कापड मात्र तेव्हाचं नाही. लिआँ शहरात जुन्या नमुन्यावरून पुन्हा विणून घेतलेलं आहे. राज्यक्रांतीने 1793-94 मध्ये इथल्या सामानाचा लिलाव केला, वर्षभर चाललेला, 17 हजारांहून जास्त गठ्ठ्यांचा. त्यातलं सापडेल तसं परत आणण्याचं काम अजून चालू आहे. तेव्हा आत जे बघतो त्यात मूळचं किती, परत आणलेलं किती, नव्याने केलेलं किती, हा प्रश्न विचारत फिरलेलं बरं. 1837 साली राजा लुई-फिलिपने राजवाड्याचं संग्रहालय केलं आणि त्यामुळे इमारत वाचली. पण 120 मीटर लांबीचं लढायांचं दालन काढण्यासाठी त्याने जुनी निवासस्थानं सर्रास पाडली.

आता बाहेर पडा. खरा व्हर्साय बाहेर आहे, असं मी बेधडक म्हणेन.

बाग कशी बघावी याची पुस्तिका खुद्द राजाने लिहिलेली आहे. 'व्हर्सायची उद्याने दाखवण्याची रीत' अशा अर्थाचं तिचं नाव; 1689 ते 1705 या काळात त्याने तिचे सहा खर्डे केले. वर्णन त्यात जवळजवळ नाही, आज्ञा आहेत. गच्चीवर या, पायऱ्यांच्या टोकाशी थांबा, इकडे बघा, पुढे जा, लातोनाच्या वर उभे राहा, कालव्याकडे बघा, आता वळून राजवाड्याकडे बघा. बघणाऱ्याची मानसुद्धा राजा वळवतो. ती पायरी अजून तिथेच आहे. तिच्यावर उभं राहिलं की समोर लातोनाचं कारंजं, पलीकडे हिरवळीचा लांब पट्टा, त्यापुढे रथासह पाण्यातून वर येणारा अपोलो, आणि शेवटी 1,670 मीटर लांबीचा कालवा एका रेषेत ओवल्यासारखे दिसतात. लातोना ही अपोलोची आई. तिला पाणी प्यायला न देणाऱ्या गावकऱ्यांचे बेडूक झाले, अशी कथा. कारंज्यात अर्धे माणूस अर्धे बेडूक असे जीव तोंडातून पाणी उडवताना दिसतात. फ्राँदमधल्या बंडखोरांना हा टोला आहे असं पुष्कळांना वाटतं. मूळ रचनेत लातोनाचं तोंड राजवाड्याकडे होतं. पुढे माँसारने ती पूर्ण फिरवून कालव्याकडे केली.

पण राजाच्या या पुस्तिकेमागे एक अडचण दडलेली आहे: पाणी. जागा उंचावर, जवळ नदी नाही, आणि कारंजी मात्र चौदाशेच्या घरात. सगळी एकदम चालवली तर साठा बघता बघता संपायचा. म्हणून कारंजेवाले शिट्ट्या घेऊन झुडपांआड उभे असत. राजा किंवा पाहुणे येताना दिसले की पहिला शिट्टी वाजवी, पुढचा आपली तोटी उघडे. मंडळी वळणाआड गेली की मागची तोटी बंद. राजा जिथे जाई तिथे पाणी नाचत असे आणि त्याच्या पाठीमागे बाग कोरडी पडत जाई. पाहुण्याने वाट सोडून भलतीकडे जाऊ नये, हा पुस्तिकेतला आग्रह मग निराळाच वाटायला लागतो.

पाण्यासाठी काय काय केलं नाही! आसपासच्या पठारावर तळी खोदली, कित्येक कोसांचे चर काढून पावसाचं पाणी त्यांत आणलं. सेन नदीवर बूजिव्हालजवळ लिएजचा कारागीर रेनकाँ स्वालेम याने प्रचंड यंत्र उभारलं. 'मार्लीचं यंत्र' म्हणून ते ओळखलं जातं. सुमारे 12 मीटर व्यासाची 14 लाकडी चाकं नदीच्या प्रवाहावर फिरायची. त्यांच्या जोरावर दोनशेहून जास्त पंप टेकडीवर तीन टप्प्यांत पाणी ढकलत दीडशे मीटरहून वर न्यायचे. 1684 साली राजाच्या समक्ष ते चालू झालं. त्याच्या करकरण्याने आसपासच्या लोकांची झोप उडाली आणि दुरुस्तीच्या माणसांचा राबता कधी थांबला नाही. पुढे तर लुईने अख्खी यूर नदी वळवून आणायचं मनात घेतलं. 1685 पासून हजारो सैनिक खोदकामाला जुंपले. दलदलीतल्या तापाने त्यांतले कित्येक मेले. 1688 साली युद्ध पेटलं आणि काम थांबलं ते थांबलंच. मँतनाँ इथे त्या जलवाहिनीच्या अर्धवट कमानी अजून उभ्या आहेत.

आज पाण्याची तेवढी ददात नाही, कारण कालव्यातलं पाणी पुन्हा वर टाक्यांत चढवून फिरवतात. मात्र कारंज्यातून उडणारं पाणी आजही नुसत्या उतारावर उडतं. कात्रजच्या तळ्यातून शनिवारवाड्याच्या हजारी कारंज्याला पाणी यायचं त्याच तत्त्वावर. सुमारे 35 किलोमीटर नळ जमिनीखाली आहेत, त्यांतले पुष्कळ लुईच्या काळातले बिडाचे. आणि तोट्या आजही माणसंच फिरवतात, लांब दांड्याच्या किल्लीने, ठरलेल्या क्रमाने. हे बघायचं तर एप्रिल ते ऑक्टोबर या मोसमात शनिवार-रविवार गाठावा. त्या दिवशी बागेला वेगळं तिकीट लागतं. राजवाडा सोमवारी बंद, हे लक्षात असू द्या, आणि आतल्या फेरीची वेळ आधी नोंदवून ठेवा. पॅरिसहून आर.ई.आर. 'सी' मार्गाची गाडी 'व्हर्साय शातो रीव्ह गोश' या स्थानकापर्यंत जाते. तिथून दहा मिनिटांची चाल.

कालव्यात भाड्याच्या होड्या मिळतात. लुईने व्हेनिसहून गोंडोले आणि ते चालवणारे नावाडी मागवून इथेच त्यांची वसाहत केली होती. कालव्याच्या एका अंगाला त्रियानाँचा भाग आहे. तो दुपारी 12 ला उघडतो. छोट्या त्रियानाँचं घर सोळाव्या लुईने 1774 साली मारी आंत्वानेतला दिलं आणि तिने तिथे या साऱ्या बघण्याबघवण्याला बाहेर ठेवलं. तिच्या बोलावण्याशिवाय कुणी यायचं नाही. नियमाच्या पाट्या राजाच्या नाही, राणीच्या नावाने निघाल्या. तळ्याकाठी 1783 पासून गवताच्या छपरांचं एक खेडं उभं राहिलं. त्यात दुधघर, कोंबड्या, गाई, आणि तुरेन प्रांतातून आणलेला एक शेतकरी. खेडं नुसतं खोटं नव्हतं, तिथलं दूधदुभतं आणि भाजीपाला राणीच्या भटारखान्यात जात असे. पण दरबाऱ्यांना त्यातलं एकच कळलं: आपल्याला आत घेत नाहीत. त्यांनी मग पॅरिसभर राणीबद्दल काय वाटेल ते पसरवलं. राजवाड्यात सगळ्यांसमोर जेवणाऱ्या राजाला लोक नावं ठेवत नव्हते, दार लावून घेणाऱ्या राणीला ठेवत होते. 5 ऑक्टोबर 1789 रोजी पॅरिसहून बायका निघाल्याची खबर आली, तेव्हा ती याच बागेत होती.

राजवाड्याचा वापर आजही थांबलेला नाही. राज्यघटनेत बदल करायचा तर फ्रान्सच्या संसदेची दोन्ही सभागृहं इथल्या दक्षिण अंगातल्या सभागृहात एकत्र बसतात. गर्भपाताचं स्वातंत्र्य घटनेत घालण्याचं मतदान 4 मार्च 2024 रोजी तिथेच झालं.

आणि स्थानकाकडे परतण्याआधी थोडी वाट वाकडी करून गावातल्या 'ज्य द पोम'कडे जावं. वेळा मर्यादित असतात, आधी बघून घ्याव्यात. ही टेनिसच्या जुन्या प्रकारासाठी बांधलेली साधी, उंच खिडक्यांची, सजावट नसलेली इमारत. 20 जून 1789 रोजी लोकप्रतिनिधी सभेला आले तर त्यांच्या दालनाला कुलूप होतं, म्हणून ते या खेळाच्या जागेत शिरले आणि फ्रान्सला घटना दिल्याशिवाय पांगणार नाही अशी त्यांनी शपथ घेतली. भिंतीवर या प्रसंगाचं मोठं चित्र आहे, चित्रकार दाव्हिदच्या आराखड्यावरून केलेलं. सगळे हात उंचावलेले. 577 जणांपैकी सही नाकारणारा एकटाच निघाला, मार्तँ-दोश नावाचा. चित्राच्या उजव्या कडेला शोधा; छातीवर हातांची घडी घालून बसलाय तो.